हासनची केस म्हणजे पेनड्राईव्हची केस नव्हे

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मी बेळगावचा, शहापूरला मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे, वीसेक वर्षं झाली. पेपरला पत्र लिहायची सवय नाही, एकदा पाण्याच्या टँकरबद्दल लिहिलं होतं ते छापून आलं नाही. पण परवा तुमच्या वेबसाईटवर वाचलं की बलात्काराच्या केसमध्ये शिक्षा झालेल्या प्रज्वल रेवण्णाला, कर्नाटकातल्या हासनच्या माजी खासदाराला, बेंगळुरूच्या परप्पन अग्रहार जेलच्या लायब्ररीत क्लार्कचं काम दिलंय आणि दिवसाला ५२२ रुपये मिळणार, आणि त्या बातमीच्या खालच्या कमेंट वाचल्या, आणि म्हटलं आता लिहायचंच. पत्र लांबलंय. कापायचं तर कापा, फक्त जळगावचं कापू नका.

कमेंटमध्ये सगळे हसत होते. खासदाराचा पगार गेला आणि रोजंदारी आली, पुस्तकं वाटणार की पेनड्राईव्ह वाटणार, असलं सगळं. मलापण पहिल्यांदा हसू आलं, खोटं कशाला बोलू. मग बातमी परत वर जाऊन वाचली. त्यात तो आहे, जेल आहे, हजेरी आहे, माजी पंतप्रधानांचा नातू आहे. ज्या बाईनं कोर्टात उभं राहून साक्ष दिली म्हणून हा माणूस जन्मठेपेवर आत गेला, तिच्याबद्दल एक ओळ नाही. नाव छापू नयेच, तो कायदाच आहे, पण "एका घरकाम करणाऱ्या बाईच्या साक्षीवर" एवढं तरी लिहायला काय जातं?

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी थोडं मागचं सांगतो, कारण तिकडं हे प्रकरण आलं आणि गेलं, आमच्याकडं ते निवडणुकीत येऊन बसलं होतं. २०२४ च्या लोकसभेला कर्नाटकात दोन टप्प्यांत मतदान झालं. हासन पहिल्या टप्प्यात, २६ एप्रिल. आमचं बेळगाव दुसऱ्या टप्प्यात, ७ मे. हासनच्या मतदानाच्या आदल्या काही दिवसांत तिकडं पेनड्राईव्ह वाटले गेले, बसस्टँडवर बागेत कुठंकुठं टाकून ठेवलेले सापडले असं बातम्यांत आलं, आणि त्यात हासनच्याच खासदाराचे बायकांबरोबरचे व्हिडिओ, ते पण त्यानंच काढलेले असा आरोप. २५ तारखेला राज्य महिला आयोगाच्या अध्यक्षांनी सरकारला पत्र लिहून चौकशी मागितली, २६ ला मतदान, आणि लगेच साहेब डिप्लोमॅटिक पासपोर्टवर जर्मनीला. २८ ला पहिली तक्रार नोंद झाली. एसआयटी, म्हणजे विशेष तपास पथक, बसली. त्यानंतर आमच्याकडं मतदानाला आठ-नऊ दिवस उरले होते, आणि त्या आठ-नऊ दिवसांत मी दुकानात बसून जे बघितलं ते मला अजून आठवतंय.

आमच्या भागातले एक रिटायर्ड हेडमास्तर आहेत. सज्जन माणूस, मला पण शिकवलंय, आजपण दिसले की मी स्टुलावरून उठतो. ते फोन घेऊन आले, म्हणाले, "एक व्हिडिओ आलाय तो उघडेना झालाय, जरा बघ की रे." मी फोन घेतला, वाटलं स्टोरेज फुल असणार, म्हाताऱ्या माणसांचं नेहमी गुड मॉर्निंगच्या फोटोंनी भरलेलं असतंय. फाईल अर्धीच डाऊनलोड झाली होती. पहिल्या फ्रेमवरूनच समजलं काय आहे ते. मी म्हटलं, सर, फाईल करप्ट आहे, उघडणार नाही. खरं तर दोन मिनिटांचं काम होतं. ते म्हणाले, "बरं असूदे, दुसऱ्याकडनं मागवतो."

मी काय लई मोठा पुण्यवान नाही. माझ्यापण फोनमध्ये होता. गणपती मंडळाच्या ग्रुपवर कुणीतरी टाकला, आणि आता हे मीच रोज गिऱ्हाईकांना सांगतो की व्हाट्सअ‍ॅपचं ऑटो डाऊनलोड बंद करा नाहीतर नको ते गॅलरीत येऊन बसतंय, आणि माझंच चालू. बघितला नाही असं म्हणणार नाही, पाच-सहा सेकंद बघितला, बंद केला. पण डिलीट केला नाही. दोन दिवस तसाच ठेवला. का ठेवला त्याचं उत्तर माझ्याकडं नाही. तिसऱ्या दिवशी बायको नातेवाईकाच्या लग्नाचे फोटो शोधत होती आणि तो समोर आला. ती ओरडली नाही, भांडली नाही. फोन माझ्यासमोर धरून एवढंच म्हणाली, "अवो, हिचं तोंड दिसतंय की वो सरळ. हिच्या घरातल्यांच्या फोनवर पण गेला असंल न्हवं?"

तोपर्यंत मी त्या क्लिपमध्ये फक्त त्याला शोधत होतो. हाच काय तो, प्रज्वल हाच काय, एवढंच. बाईला तोंड आहे हे बायकोनं सांगितल्यावर कळलं.

आणि हेच सगळ्या मीडियाचं झालं असं माझं म्हणणं आहे. कन्नड चॅनेल तर चोवीस तास. पेनड्राईव्ह कुणी वाटला, कुणाच्या सांगण्यावरून वाटला, ड्रायव्हरनं कुणाला दिला, वकिलानं कुणाला दिला, प्रज्वलचे काका कुमारस्वामी म्हणतात काँग्रेसच्या डी. के. शिवकुमारांचा हात, शिवकुमार म्हणतात माझा काय संबंध. हा सगळा खेळ बघायला मजा येते हे मान्य, आम्ही पण दुकानात टीव्ही लावून बघितला. पण त्यात प्रश्न काय होता? "लीक कुणी केलं". म्हणजे घरात चोरी झाली आणि सगळी गल्ली भांडतेय की पोलिसाला फोन कुणी केला. नावच बघा, "हासन पेनड्राईव्ह प्रकरण". बलात्काराच्या केसला एका साडेतीनशे रुपयांच्या वस्तूचं नाव. तुमच्या पेपरानं "अश्लील व्हिडिओ प्रकरण" लिहिलं, दुसऱ्यांनी "सेक्स स्कँडल" लिहिलं. संपादक साहेब, अश्लील व्हिडिओ म्हटलं की माणूस शोधायला लागतो, आणि कामवाल्या बाईवर बलात्कार केला आणि त्याचं शूटिंग करून तिला धमकावलं असं म्हटलं की माणूस खाली बघतो. शब्दानं एवढा फरक पडतो हे तुम्हाला मी सांगायचं म्हणजे कमालच.

बरं, मीडियाला हे २०२४ लाच कळलं असंपण नाही. जून २०२३ मध्ये हाच प्रज्वल बेंगळुरूच्या कोर्टात जाऊन ८० पेक्षा जास्त मीडियावाल्यांच्या विरोधात मनाई हुकूम घेऊन आला होता, की माझ्याबद्दल खोटं आणि बदनामीचं काही दाखवू नये. खासदार एवढ्या सगळ्या चॅनेल-पेपरवाल्यांना एकदम कोर्टात ओढतो तर त्याला कशाची भीती आहे हे एकालापण विचारावंसं वाटलं नाही? दाखवायला बंदी होती, विचारायला नव्हती. आणि भाजपच्याच एका वकील पुढाऱ्यानं, जो प्रज्वलच्या बापाविरुद्ध होळेनरसीपूरला विधानसभा लढला होता, त्यानं डिसेंबर २०२३ मध्ये पक्षाच्या प्रदेशाध्यक्षांना पत्र लिहून सावध केलं होतं म्हणे, अशा माणसाला तिकीट देऊ नका म्हणून. पुढं काय झालं? भाजपची प्रज्वलच्या जनता दल (सेक्युलर) पक्षाशी युती आधीच झालेली, ती तशीच राहिली, तिकीट मिळालं, आणि एप्रिलमध्ये मैसूरच्या सभेत पंतप्रधानांच्या स्टेजवर उमेदवार म्हणून उभा राहिला.

पण म्हणून काँग्रेसवाले धुतल्या तांदळाचे असं म्हणायला मी बसलो नाही. आमच्याकडं प्रचाराच्या त्या आठवड्यात एकाच्या गाडीवर हासनच्या बायका आणि दुसऱ्याच्या गाडीवर हुबळीची ती कॉलेजची पोरगी, जिचा १८ एप्रिलला कॉलेजच्या आवारातच खून झाला. दोन्ही पार्ट्यांना आपापली दुःखी बाई मिळाली होती. समोरच्यानं एकीचं नाव काढलं की हा त्याच्यावर दुसरीचं नाव टाकायचा. "तुम्ही हासनवर गप्प का?" "तुम्ही हुबळीवर गप्प का?" फेसबुकवर आमच्या ओळखीची पोरं, सुशिक्षित, इंजिनिअर झालेली, हेच खेळत होती. राज्यात पोलीस ज्यांचे ते म्हणतात केंद्रानं पासपोर्ट का नाही अडवला, केंद्रात बसलेले म्हणतात तुम्ही त्याला जाऊ कसं दिलं. ७ मे ला आमचं मतदान झालं आणि, खरं सांगतो, ८ तारखेपासून माझ्या व्हाट्सअ‍ॅपवरच्या निम्म्या लोकांचा कळवळा संपला. आयपीएल चालूच होतं.

त्या वेळी हासनमध्ये काय चाललं होतं हे कमी लोकांनी लिहिलं, पण काहींनी लिहिलं, त्यांचं नाव घ्यायला पाहिजे खरं तर. बायका घरं बंद करून गेल्या. पक्षात काम करणाऱ्या बायकांनी त्याच्यासोबतचे जुने फोटो फेसबुकवरून काढून टाकले, सत्काराचे, हळदीकुंकवाचे साधे फोटो, कारण आता नुसतं बाजूला उभं असलं तरी नवरा विचारणार, दीर विचारणार, गल्ली विचारणार. एसआयटीला शेवटी जाहीर सांगावं लागलं की व्हिडिओ पाठवणं, जवळ ठेवणं हा गुन्हा आहे. आयटी कायद्याच्या ६७अ कलमात असलं पुढं पाठवल्याबद्दल पहिल्यांदाच दोषी ठरला तरी ५ वर्षांपर्यंत जेल आणि १० लाखांपर्यंत दंड आहे, हे मी नंतर वाचलं आणि पोटात गोळा आला, कारण मी काय केलं होतं ते वर लिहिलंच आहे. पण आमच्याकडं कुणाला घाबरलेलं बघितलं नाही. "सगळ्यांकडंच हाय की, कुणाकुणाला धरतील?"

आता जळगाव. माझी एक मावशी जळगावला दिलेली. १९९४ ला तिकडं ते प्रकरण बाहेर आलं तेव्हा मी कॉलेजला होतो. तुमच्या नव्या वाचकांना माहीत नसेल म्हणून सांगतो, मुलींना जाळ्यात ओढायचं, फोटो काढायचे, शूटिंग करायचं आणि मग त्याच्या धाकावर परत परत बोलवायचं, आणि यात राजकारणातली वजनदार माणसं, असं ते प्रकरण. अरविंद इनामदार, मीरा बोरवणकर यांच्यासारख्या अधिकाऱ्यांनी तपास केला. राज्यभर पेपरांत रकानेच्या रकाने भरून आलं, "जळगाव वासनाकांड" असं नाव पडलं, परत तेच, नावात गुन्हा कुठं नाहीच, वासना आहे. आणि परिणाम काय झाला तर माझी मावसबहीण, जिचा या कशाशी संबंध नाही, बी.कॉम. करत होती बिचारी, तिची दोन स्थळं गावाचं नाव ऐकूनच परत गेली. मावशी आमच्याकडं येऊन रडली होती, म्हणाली होती पत्ता तुमचा देऊ काय. ज्या खरोखर भोगलेल्या होत्या त्या कशाला पुढं येतील मग? फार थोड्या आल्या, साक्षी टिकल्या नाहीत, आणि पुढं वरच्या कोर्टांपर्यंत जाऊन बरेच आरोपी सुटले. गावाला जे लागलं ते मात्र कितीतरी वर्षं गेलं नाही.

मला हासनचं बघताना सारखं तेच डोक्यात येत होतं. तेव्हा फोटो हातोहात फिरायला महिना लागत असेल, आता सकाळी हासनला टाकलेलं दुपारी माझ्या मंडळाच्या ग्रुपवर. तेव्हा निदान बघणाऱ्याला कुणाच्यातरी घरी लपून जावं लागत होतं.

आणि तरीपण हासनला एक बाई उभी राहिली, हे मला सांगायचंय. एकच नाही, तक्रारी अजूनही आहेत, बाकीच्या केसेस चालू आहेत. पण जी पहिली निकाली लागली ती या घराण्याच्या फार्महाऊसवर काम करणाऱ्या बाईची. ती बोलू नये म्हणून तिला पळवून नेल्याची वेगळी केस झाली, त्यात प्रज्वलच्या बापाला, एच. डी. रेवण्णांना, मे २०२४ मध्ये अटक झाली, ते विद्यमान आमदार आणि माजी मंत्री. मुलगा ३१ मे ला परत आला तो विमानतळावरच धरला. त्याच्या आधी आजोबांनी, देवेगौडांनी, जाहीर पत्र लिहून त्याला परत ये म्हणून दम भरला होता, ते पत्र सगळ्या चॅनेलनी वाचून दाखवलं, आजोबांच्या दुःखावर अर्धा-अर्धा तास. ४ जूनला तो हासनमध्ये साधारण ४२ हजारांनी हरला. तिथं बहुतेकांसाठी गोष्ट संपली. खरी तिथून सुरू झाली.

१ ऑगस्ट २०२५ ला बेंगळुरूच्या स्पेशल कोर्टानं दोषी ठरवलं, २ तारखेला जन्मठेप, मरेपर्यंत. दंडातले ११ लाखांच्या वर रुपये तिला द्यायचे. एवढ्या मोठ्या घराण्याविरुद्धची केस तक्रारीपासून निकालापर्यंत सव्वा वर्षाच्या आसपास. यात एक साडी आहे. तिची साडी त्या फार्महाऊसवरच राहिली होती, ती पोलिसांना सापडली, तिच्यावरचा डीएनए जुळला. मला ही गोष्ट लई मोठी वाटली बघा. सगळं राज्य पेनड्राईव्ह पेनड्राईव्ह करत होतं आणि केस बांधायला एक साडी आणि एका बाईची न डगमगता दिलेली साक्ष कामाला आली. व्हिडिओपण पुराव्यात होता, नाही असं नाही. पण नुसत्या व्हिडिओवर निवडणूक होते, शिक्षा होत नाही.

त्या दिवशी चॅनेलवर काय होतं? तो कोर्टात रडला. मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे, कायम मेरिटवर पास झालोय असं जज्जना म्हणाला. त्याला कैदी नंबर कुठला मिळाला, पहिल्या रात्री झोप लागली काय. आणि आता ही लायब्ररी. अपिलाचा त्याला हक्क आहे, कोर्ट बघून घेईल, त्यावर मला काही म्हणायचं नाही.

कमेंटवाल्यांचं एक राहिलं. तुमच्या बातमीखाली परवापण तेच होतं, "इतकी वर्षं गप्प का बसल्या", "निवडणुकीच्या तोंडावरच कसं सुचलं", "संमतीनंच असणार". अहो, ती कामाला त्याच्याच घरी, गावचा खासदार तो, आमदार त्याचा बाप, आजोबा देशाचा पंतप्रधान होऊन गेलेला, आणि मोबाईलमध्ये तिचं शूटिंग. ती कुणाकडं जाणार होती तक्रार घेऊन? त्याच गावच्या ठाण्यात? माझ्याकडं फोनचं पासवर्ड विसरलेली गिऱ्हाईकं येतात, नवऱ्याच्या भीतीनं ग्लास फुटलं ते सांगत नाहीत बायका, गपचूप बदलून नेतात. आणि तुम्ही म्हणता गप्प का बसली.

यात मला एक गोष्ट अजून सुटलेली नाही ती प्रामाणिकपणे लिहितो. पेनड्राईव्ह बाहेर आला नसता तर हे काही झालं असतं काय? बहुतेक नसतं. म्हणजे ज्यांनी वाटला त्यांच्यामुळंच केस उभी राहिली असं एखादा म्हणेल, आणि त्याला मी पूर्ण खोडू शकत नाही. पण तो पोलिसाला देता येत होता, महिला आयोगाला देता येत होता, तोंडं झाकून पेपरला देता येत होता. बसस्टँडवर टाकणाऱ्याला न्याय नको होता, त्याला मतं हवी होती. त्यांच्यावरपण गुन्हा दाखल झाला, काहींना अटक झाली, त्याचं पुढं काय झालं हे मात्र शोधूनसुद्धा धड वाचायला मिळत नाही. तुमचा कुणी बातमीदार तिकडं असेल तर जरूर लिहायला सांगा.

शेवटचं एक सांगून थांबतो. निकाल लागला त्या आठवड्यात एक पोरगा जुना फोन घेऊन आला. डिस्प्ले गेलेला, बोर्ड चालू. म्हणाला, "अण्णा, ह्यातला डिलीट झालेला डेटा रिकव्हर होतोय काय वो?" मी म्हटलं, होतोय, काय पाहिजे, फोटो का कॉन्टॅक्ट? तो जरा इकडंतिकडं बघून हळूच म्हणाला, "ते हासनचं होतं की वो, परवा शिक्षा झाली न्हवं, पोरं मागालीत." मी फोन परत दिला. दुसऱ्या दिवशी काउंटरवर कागद चिकटवला, "असले व्हिडिओ रिकव्हर करून मिळणार नाहीत". अजून आहे तो कागद. रोज एक-दोघं तरी विचारतात, असले म्हंजे कसले वो?

आपला,
एक वाचक, शहापूर, बेळगाव

ता.क. नाव छापू नका. हेडमास्तर तुमचाच पेपर घेतात.